चार बोटांचा आर्म

“आबा, उतरा खाली!”

मी जीपखाली उताणा पडलो होतो. पाठीखाली पोतं, हातात गवंड्याकडून मागून आणलेली लेव्हल. ती स्टेअरिंगच्या रॉडला टेकवून धरली होती आणि तिच्यातला बुडबुडा एकदाचा मधोमध आला होता. तेवढ्यात जीप दबली, बुडबुडा पळाला आणि माझं माप गेलं. तिसऱ्यांदा.

“आबा, काय सांगितलं मी मघाशी? तुम्ही बसला की बुडबुडा हलतो!”

“गाढवा,” वरून आवाज आला.

वडिलांच्या तोंडी तेवढा एकच शब्द उरला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्यावरून वारं गेलं, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. महिन्याभरानं जीभ हलली आणि पहिला शब्द आला तो हा. दुसरा आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मभर जिभेवर बसलेला शब्द असा कधीकधी मागं राहतो. आता त्यांनी जन्मभर हा शब्द कोणासाठी वापरला, ते गावाला ठाऊक होतं. चहा पाहिजे असेल तर ‘गाढवा’, पंखा लावायचा असेल तर ‘गाढवा’. माझी धाकटी मांडीवर येऊन बसली की तिलाही ‘गाढवा’, पण तो लाडाचा. माझ्या वाट्याला आलेला लाडाचा नव्हता.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. माझं गॅरेज आजरा रस्त्याला आहे, तेव्हाही होतं. जीप आबांची. मिलिटरीच्या लिलावातून घेतलेली, माझ्यापेक्षा वयानं मोठी. सव्वीस वर्षं त्यांनी ती आंबेधरवाडीच्या घाटात चालवली. वाडीचं रेशन, बाजार, बाळंतिणी, मयतं, सगळं त्याच जीपनं वर-खाली झालं. आबा पडले आणि जीप ताडपत्रीखाली गेली. वाडीला मग कोण विचारतो? रस्ताही वाहून गेला, नुसते धोंडे उरले.

त्या वर्षी एका ट्रस्टनं आजऱ्याला डोळ्यांचं शिबिर ठेवलं होतं. मोतीबिंदू काढून देणार. वाडीची अकरा म्हातारी माणसं होती. सटूप्पा आजाला तर इतकं कमी दिसायचं की एका सकाळी तो भाकड म्हशीखाली चरवी घेऊन बसला, आणि तिनं लाथ घातल्यावर त्याला म्हैस कळली. हौसाआक्का बोटांनी चाचपून तांदूळ निवडायच्या, आणि सून तोच तांदूळ त्यांच्यासमोर परत निवडायची. ते त्यांच्या जिवाला लागायचं. मी वर जाऊन पारावर उभा राहून शब्द देऊन आलो, “रविवारी सगळ्यांना शिबिराच्या दारात उभं करतो. आमची जीप येईल.” बारा वाजता नावं बंद होणार होती, आणि पुढचं शिबिर पुढच्या वर्षी. सटूप्पा आजाचं वय बघता पुढचं वर्ष म्हणजे देवाच्या हातात.

जीप चालू केली, पण वर जाताना तिचं पोट धोंड्यांना लागायला लागलं. म्हणून मी तिला स्प्रिंगचे जाड पाटे घालून चार बोटं उंच केली, मोठी चाकं घातली. काय दिसायला लागली म्हणता! आणि पहिल्याच फेरीला स्टेअरिंग असं थडथडायला लागलं की दात वाजले.

त्याचं कारण मला कळत होतं. स्टेअरिंग फिरवलं की त्याच्या बॉक्सखाली लोंबणारा एक आर्म हलतो, तो गाडीच्या रुंदीत आडव्या पडलेल्या रॉडला ढकलतो आणि रॉड चाक वळवतो. गाडी उंच केली की आर्म गाडीबरोबर वर जातो, चाक जमिनीवरच राहतं, आणि मधला रॉड तिरपा होतो. रॉड तिरपा झाला की प्रत्येक खड्ड्याला चाक आपल्या मनानं वळतं. उपाय एकच, रॉड सरळ आणायचा. त्यासाठी आर्म जास्त खाली लोंबणारा पाहिजे.

गडहिंग्लजला दस्तगीर मिस्त्रींकडं गेलो. ते आबांचे जुने दोस्त. त्यांनी फळीवरून दोन आर्म काढले. एक दोन बोटं खाली, एक चार बोटं खाली.

“दोन्ही ने,” ते म्हणाले. “माप घे, लागेल तो बसव, दुसरा परत आण. आणि शशा, माप घेताना रंगरावाला विचार.”

“ते काय सांगणार चाचा? त्यांच्याजवळ एकच शब्द आहे.”

“तेवढा तुला पुरे आहे,” चाचा म्हणाले.

मी हसलो. कारण प्रश्नच नव्हता. गाडी चार बोटं उंच केली, तर आर्म चार बोटं खाली पाहिजे. पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल. तरी आपलं मिस्त्रींनी सांगितलं म्हणून लेव्हल मागून आणली आणि शनिवारी सकाळी चार बोटांचा आर्म तात्पुरता लावून जीपखाली शिरलो. तिथून आबांचा छळ सुरू झाला.

पहिल्यांदा ते सीटवर चढून बसले. हाताला धरून उतरवलं, खुर्चीवर नेऊन बसवलं. परत खाली शिरतोय तोवर दोन बोटांचा आर्म डाव्या हातात घेऊन हजर. माझ्या पायावर आपटला.

“हा नको आबा. हा छोटा आहे. हा परत द्यायचाय.”

“गाढवा!”

“बरं, मी गाढव. जावा, बसा तिकडं.”

आर्म मी कोपऱ्यात टाकला. जरा वेळानं जीप परत हलली. बघतो तर आबा मागच्या फळीवर तांदळाचं पोतं चढवायच्या खटपटीत. एका हातानं आणि दातानं! पोत्याचा कान दातात धरलेला, तोंडातून लाळ गळतेय, आणि शालन, माझी बायको, पोत्याला खालून टेका देतेय.

“तू काय करतेस गं?”

“मामांजी मघापासनं एकटेच झोंबाय लागल्यात. पडतील म्हणून धरलं.”

“अगं, ते काहीही करतील, आपण त्यांच्या नादाला लागायचं? उद्या अकरा माणसं आणायचीत मला! आणि इथं तांदूळ कसला भरताय? बाजार आहे का?”

पोतं उतरवलं. आत एक पोतं आधीच चढवलं होतं, तेही उतरवलं. त्याच्या मागं एक धोंडा होता, पाटा-वरवंट्यातला पाटा होता, आणि धाकटीला बसवलं होतं. तिला आबांनी खाऊ देऊन बसवलं होतं म्हणे. सगळं बाहेर काढलं. कमरेत उसण भरली. घामानं डोळे चुरचुरत होते, दुपार टळत आली होती, आणि मी अजून एक माप धड घेऊ शकलो नव्हतो.

खाली शिरलो. बुडबुडा मधोमध. चला! बरोब्बर! चार बोटांच्या आर्मनं रॉड अगदी सरळ आला होता. पट्टीनं खूण करायला हात वर केला, आणि जीप तिसऱ्यांदा दबली.

मग माझं डोकंच फिरलं. बाहेर आलो ते ओरडतच. आबा सीटवर बसले होते, मांडीवर तो दोन बोटांचा आर्म, आणि डावा हात खाली दाबून मला काहीतरी खुणावत होते.

“उतरा! उतरा म्हणतो ना! सव्वीस वर्षं चालवलीत, मान्य आहे. पण आता तुम्हाला कळत नाही आबा. जे कळत होतं ते दवाखान्यातच राहिलं. गपगुमान एका जागी बसायचं, एवढंच काम राहिलंय तुम्हाला, तेवढं तरी करा!”

शालन दारात उभी होती. तिनं मान फिरवली.

आबा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता येणार तो शब्द. नाही आला. ते एकेक पाय सोडत उतरले, लुळा पाय ओढत आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मी माप घेतलं, आर्म पक्का केला, नट आवळला. कसला व्यत्यय नाही. सगळं अर्ध्या तासात झालं.

फाट्यापर्यंत जीप पळवून आलो. काय सांगू! साठच्या वेगानं, एका बोटावर स्टेअरिंग. कुठं ओढ नाही, थडथड नाही. घरी येऊन शालनला म्हणालो, “बघितलंस? शांतपणे करू दिलं की काम होतं.”

“मामांजी जेवले नाहीत,” ती म्हणाली.

“भूक लागली की जेवतील.”

“चहालासुद्धा हाक मारली नाही. एक शब्द बोलले नाहीत.”

“एकच तर आहे,” मी म्हणालो. पण ते माझं मलाच बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी सहाला बघतो तर आबा जीपच्या पुढच्या सीटवर. धुतलेलं धोतर, टोपी, मांडीवर टॉवेलाचं गाठोडं. मी म्हणालो, “अकरा माणसं आणायचीत, बारावं कुठं घेऊ?” ते समोर बघत बसले. शालननं माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप किल्ली लावली.

वर जाताना जीप हरणासारखी गेली. धोंड्यांवरून, ओढ्यातून, कुठंही पोट लागलं नाही. मी मुद्दाम आबांकडं बघून म्हणालो, “कशी चाललीय?” उत्तर नाही. एरवी या माणसानं दहा वेळा गाढव म्हटलं असतं. मला उगाच धास्ती वाटायला लागली. दुसरा झटका तर आला नसेल? का तेवढा एक शब्द होता, तोही मी घालवला?

वाडीत सगळे पारावर तयार होते. लुगडी, घोंगडी, भाकरीची फडकी. दाटीवाटीनं अकरा जण बसवले. हौसाआक्का चढल्या चढल्या म्हणाल्या, “रंगराव, तुम्ही आलाय न्हवं? मग काळजी न्हाई.” माझं नावही नाही! गाडी कोण चालवतंय, मी का ते?

निघालो आणि पहिल्याच वळणाला स्टेअरिंग जड लागलं. म्हटलं, वजन आहे, लागणारच. उतरण सुरू झाली. पहिला खड्डा आला आणि हातातलं चक्र एकदम डावीकडं खेचलं गेलं. सावरलं. दुसरा खड्डा, परत. तिसऱ्याला खालून ठण्णकन आवाज आला आणि स्टेअरिंग माझ्या हातातून सुटून दरीकडं फिरलं. मी ब्रेकवर उभा राहिलो. चाकाखालचे दगड खाली गेले, ते कुठं पोचले त्याचा आवाजच आला नाही. जीप कडेच्या मातीच्या ढिगाला नाक लावून थांबली.

मागं एकमेकांवर कलंडलेली माणसं सावरून बसली.

“काय झालं रे?” हौसाआक्का म्हणाल्या. “आमाला दिसत न्हाई म्हणून बरं. दिसलं असतं तर हितंच मेले असते.”

“उतरा! सगळे उतरा!” एकेकाला हाताला धरून उतरवलं, डोंगराच्या बाजूला बसवलं. आबांनाही. खाली शिरलो, लेव्हल लावली. रॉड सरळ! बुडबुडा मधोमध, मेला, माझ्याकडं बघून हसतोय! नट घट्ट, जॉइंट घट्ट. खोट म्हणून कुठं नाही.

परत सगळ्यांना चढवलं. पन्नास पावलं गेलो असेन. खड्डा, ठण्ण, आणि चक्र परत दरीकडं. या वेळी मी रांगत्या वेगात होतो म्हणून वाचलो. परत उतरवलं, परत खाली शिरलो. परत सगळं बरोबर! मी बाहेर येऊन चाकाला लाथ घातली. अंगठा दुखावला. नऊ वाजून गेले होते. खाली आजरा दिसत होतं, अकरा माणसं धोंड्यांवर बसली होती, आणि सटूप्पा आजा शांतपणे विचारत होता, “पोरा, चालत जायचं का? तासाभराचं असंल न्हवं?” तिथून सोळा किलोमीटर. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. शब्द दिला होता मी, पारावर उभा राहून. आणि खोट कुठं आहे तेच सापडत नव्हतं. जी दिसत नाही ती खोट दुरुस्त तरी कशी करणार?

“बसा परत,” मी म्हणालो. “हळूहळू नेतो.”

हळूहळू म्हणजे किती? तिसऱ्यांदा बसले, दहा पावलांत तिसऱ्यांदा ठण्ण झालं. “उतरा!” मी ओरडलो. कोणीच उतरेना.

मागं जाऊन बघतो तर आबा. कधी उतरले, कधी मागं गेले कळलंच नाही. मागच्या फळीच्या तोंडाशी डाव्या हातानं लोखंडी दांडा धरून आडवे उभे.

“रंगराव उतरू देईना,” आतून सटूप्पा म्हणाला.

“आबा, सरका.”

आबांनी दांडा सोडून हात मोकळा केला, आणि खाली जीपच्या पोटाकडं बोट दाखवलं. मग आतल्या माणसांकडं. परत खाली. चेहरा रागानं लाल झालेला, पण तोंडातून शब्द नाही.

मी चाकांना धोंडे लावले आणि माणसांनी भरलेल्या जीपखाली पहिल्यांदा शिरलो.

बघतच राहिलो. गाडी दोन बोटं खाली बसली होती. तिच्याबरोबर माझा चार बोटांचा आर्म इतका खाली आला होता की रॉड उलट्या बाजूला तिरपा झाला होता आणि त्याचा जॉइंट पाट्यावर टेकला होता. पाट्याच्या गंजावर तीन ताजे, चकचकीत ओरखडे. खड्डा आला की पाटा वर उसळून जॉइंटला लाथ घालत होता, आणि मी माणसं उतरवून ती लाथ शोधत होतो. माणसं उतरली की गाडी वर, आणि सगळं बरोबर.

तांदळाची पोती. धोंडा. वरवंट्याचा पाटा. सीटवर येऊन बसणं. तो खाली दाबलेला हात. हा माणूस काल दिवसभर, एका हातानं आणि दातानं, माझी गाडी भरत होता. ही जीप सव्वीस वर्षं घाटात कधी रिकामी उतरली नव्हती, आणि मी तिचं माप रिकामी घेतलं होतं. ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हता. आणि मी काय म्हणालो होतो?

मी तसाच खाली पडून राहिलो. बाहेर यायची लाज वाटत होती.

आलो तेव्हा आबांनी पुढच्या सीटवरचं गाठोडं बोनेटवर ठेवलं होतं. गाठ एका हातानं सुटत नव्हती. मी सोडली. आत दोन बोटांचा आर्म, पुसून, तेल लावून.

रस्त्यातच काम काढलं. नट निघेना, आर्म ओढून काढायचा पुलर सटकला, हाताची सालं गेली. आबा डाव्या हातानं पान्याला पाईप लावून धरत होते, मी हातोडा घालत होतो. म्हातारी माणसं भाकरीची फडकी सोडून बसली. कोणी कुरकुर केली नाही. शिबिराचं म्हणाल तर आम्ही साडेबाराला पोचलो, नावं बंद झाली होती. हौसाआक्कांनी टेबलामागच्या पोरीला असं काही ऐकवलं की तिनं वही परत उघडली. नऊ जणांचं झालं, दोघांना ट्रस्टच्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. सटूप्पा आजा पट्टी सुटल्यावर पहिला म्हशीला बघायला गेला. पण ते सगळं नंतरचं.

मला अजून डोळ्यांसमोर दिसतं ते आर्म बसल्यानंतरचं. मी नट हातानं लावला आणि सगळ्यांना म्हणालो, “बसा. माप घ्यायचंय.” अकराही जण चढून बसले. मी लेव्हल घेऊन खाली शिरलो. ओरखड्यापासून जॉइंट चांगला लांब होता. पण बुडबुडा मधोमध येईना, तांदळाच्या दाण्याएवढा एका बाजूला राहिला. पुढून थोडं वजन कमी पडत होतं.

बाहेर डोकं काढलं. आबा रस्त्याच्या कडेला एकटेच उभे होते, काठीवर भार टाकून, दरीकडं तोंड करून. काल मी सांगितलं होतं तसे, एका जागी, गपगुमान.

“आबा,” मी म्हणालो. “चुकलं माझं. या, बसा. तुम्ही बसल्याशिवाय माप येत नाही.”

ते लगेच हलले नाहीत. मग वळले, पाय ओढत आले, माझ्या हाताला न धरता चढले. जीप दबली. मी खाली शिरलो, लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

“आला!” मी खालून ओरडलो. “आबा, आला बरोबर!”

मी लेव्हल धरून पडून राहिलो, वाट बघत.

“गाढवा,” आबा म्हणाले.